विश्लेषण : ४२ अंशांत घोड्यावर, तेही कोट घालून! ड्रेसाजचे स्वार काय करतात आणि हिंगोलीच्या नवरदेवाने त्यातलं काय उचलावं?

एप्रिल-मेमध्ये हिंगोली जिल्ह्यात भर उन्हात घोड्यावर बसलेला माणूस दिसला, तर तो बहुतेक वेळा नवरदेवच असतो. अंगात अस्तर लावलेली मखमली शेरवानी किंवा थ्री-पीस सूट, डोक्याला फेटा, गळ्यात हार. पारा चाळिशीच्या पुढे. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, आणि साडेबारा झाले तरी परण्या मारुतीच्या पारापासून हललेला नाही, कारण डीजेसमोर मित्रमंडळी अजून नाचतायत. घोडं मान खाली घालून उभं आहे. त्याच्याही अंगावर जरीची झूल आहेच.

उन्हाळ्यात जाड कोट घालून घोड्यावर बसण्याचा हा उद्योग जगात आणखी एका ठिकाणी चालतो : ड्रेसाज या घोडेस्वारीच्या खेळात. तिथे काळा शेपटीदार कोट, पांढरी विजार, गळ्याभोवती पांढरी पट्टी, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंत चामडी बूट असा थाट असतो. पण त्या खेळाडूंकडे उन्हाचं गणित आहे, मोजायला यंत्र आहे, आणि 'कोट काढा' असं सांगायचा अधिकार असलेला एक माणूस मैदानावर बसलेला आहे. आपल्या परण्यात यातलं काहीच नाही. म्हणून हा खेळ हिंगोलीत कुणी खेळत नसला, तरी त्यातली थंड राहण्याची विद्या समजून घेण्यासारखी आहे.

ड्रेसाज म्हणजे काय?

नावात 'ड्रेस' दिसतो म्हणून फसू नका. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ जनावराला शिकवून तयार करणं असा आहे. २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब रिंगणात स्वार आणि घोडा ठरवून दिलेल्या चाली करून दाखवतात. जागच्या जागी दुडकणं, तिरपं चालणं, एका पायाभोवती वळणं. प्रत्येक चालीला १० पैकी गुण. स्वाराने घोड्याला काय सांगितलं, ते बघणाऱ्याला दिसता कामा नये, यात सगळं कौशल्य. परीक्षा पाच-सात मिनिटांची असते.

भारतात या खेळाचं नाव सर्वांपर्यंत पोहोचलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेलं ते सुवर्ण. अनुषने वैयक्तिक कांस्यही घेतलं आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज खेळणारा तो पहिला भारतीय ठरला.

हा पोशाख युरोपातल्या थंड हवेचा आणि दरबारी शिस्तीचा. तो आशियातल्या उन्हाळ्यात आला, तेव्हा त्याच्याबरोबर थंड राहण्याची सोयही शोधावी लागली.

हिंगोलीला हे नवीन आहे का?

मुळीच नाही. हिंगोली शहरात आजही रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं रोजच्या बोलण्यात आहेत. रिसाला म्हणजे घोडदळ. एकोणिसाव्या शतकात इथे 'हैदराबाद कंटिन्जंट' या फौजेची छावणी होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात सामावली गेली आणि छावणी गेली, वस्त्यांची नावं तेवढी राहिली. म्हणजे गणवेशातला स्वार आणि मराठवाड्याचं ऊन यांची गाठ आपल्याच गावात कित्येक दशकं पडत होती.

त्या काळच्या फौजांनी उन्हापुढे एकेक माघार घेतली. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने आपल्या 'गाइड्स' पथकाला खाकी रंगाचे सैल कपडे दिले आणि लाल लोकरी कोटाचा जमाना हळूहळू ओसरला. डोक्यावर सोला टोपी आली. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भुसभुशीत गाभ्याची ही टोपी हलकी असते, आणि ती पाण्यात भिजवून घातली की सुकता सुकता डोकं गार ठेवते. छावण्यांमध्ये कवायत पहाटे उरकली जाई.

ही शहाणीव सरकारकडे अजून आहे. १ मे हा महाराष्ट्र दिन, आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्याचा स्थापना दिनही. त्या दिवशी गणवेशातल्या पोलिसांचं संचलन असतं, आणि ध्वजवंदनाची वेळ असते सकाळी ८. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांची नव्हे.

अंगाचा कूलर कसा चालतो?

आता मूळ मुद्दा. आपलं शरीर उष्णता तीन वाटांनी बाहेर टाकतं : हवेला देऊन, आसपासच्या वस्तूंकडे किरणांनी फेकून, आणि घाम वाळवून. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ४२ अंशांची असेल तर पहिल्या दोन वाटा नुसत्या बंद होत नाहीत, उलट्या वाहू लागतात. हवा आणि तापलेला रस्ता तुम्हालाच उष्णता देऊ लागतात. उरतो फक्त घाम.

हे उरलेलं साधन मात्र भलतंच ताकदवान आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तेवढ्याच कामाला सात किलोंहून जास्त बर्फ वितळवावा लागेल. अट एकच : घाम वाळला पाहिजे. कपाळावरून ओघळून कॉलरमध्ये गेलेला घाम थंडाव्याच्या दृष्टीने फुकट गेला.

घरचा कूलर आठवा. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, वरून ठिबकणारं पाणी, मागून पंखा. एप्रिल-मेमध्ये तो खोली गारेगार करतो. जून लागला, ढग आले की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो, कारण हवेत आधीच ओल असते आणि ताटीवरचं पाणी वाळत नाही. तुमचं अंग म्हणजे हाच कूलर. त्वचा ही ताटी, घाम हे पाणी, वारा हा पंखा. आणि बंद गळ्याची, आतून पॉलिस्टरचं अस्तर लावलेली शेरवानी म्हणजे चालू कूलरवर टाकलेली ताडपत्री.

४२ अंशांची हिंगोली जास्त वाईट की ३४ अंशांची मुंबई?

नुसता पारा बघून हे कळत नाही. म्हणून घोड्यांच्या स्पर्धांमध्ये, तसंच सैन्यात आणि कारखान्यांत 'वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर' नावाचा आकडा वापरतात. सूत्र अगदी सोपं आहे. ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा ०.७ ने गुणा. उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातला आकडा ०.२ ने. साध्या तापमापकाचा ०.१ ने. तिन्हींची बेरीज करा. ओल्या फडक्याला एवढं वजन कशासाठी? घाम किती वाळेल, ते तोच आकडा सांगतो.

आता हिशेब करून बघू. हिंगोलीत ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर ओल्या फडक्याचा आकडा येतो सुमारे २२. मुंबईत ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के धरली तर तो येतो साडेअठ्ठावीसच्या आसपास. काळा गोळा दोन्हीकडे हवेपेक्षा १४ अंशांनी जास्त तापला असं मानू. बेरीज होते हिंगोलीत साधारण ३१ आणि मुंबईत ३३. पारा आठ अंशांनी कमी असूनही मुंबई जास्त धोक्याची!

या आकड्यांना अर्थ आहे. एफईआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ, घोड्यांसाठी २८ च्या पुढे जादा खबरदारी घ्यायला सांगतो. ३३ च्या वर स्पर्धा घेणं सुरक्षित मानलं जात नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्या गर्दीतले १४ लोक दगावले, तेव्हा पारा साधारण ३८ अंश होता. मराठवाड्यात ३८ ऐकून कुणी टोपीही शोधणार नाही. फरक खाडीकाठच्या दमट हवेचा होता.

यावरून 'आपलं कोरडं ऊन बरं' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. उघड्या, सैल कपड्यांतल्या माणसासाठी तो काही अंशी खराही आहे. पण कोट घातला की हा फायदा संपतो. कोटाच्या आतली थोडीशी हवा घामाने काही मिनिटांत ओली होते आणि बाहेर जायला तिला वाट नसते. बाहेर हिंगोलीचं कोरडं ऊन असलं, तरी कोटाच्या आत मुंबई असते. पाराही मुंबईचा नाही, तर आपला ४२ अंशांचाच.

मग ड्रेसाजचे स्वार नेमकं करतात काय?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते शेवटच्या क्षणापर्यंत करत नाहीत : कोट घालत नाहीत. यामागचं गणित मांडून बघण्यासारखं आहे. सत्तर किलोंच्या माणसाचं अंग एका अंशाने तापायला साधारण २४५ किलोज्यूल लागतात. घोडा चालवताना स्वाराचं शरीर ढोबळ मानाने ४५० वॅट उष्णता तयार करतं. सहा मिनिटांच्या परीक्षेत ही उष्णता झाली १६० किलोज्यूल. समजा कोटातून यातली तसूभरही बाहेर गेली नाही, तरी अंग एका अंशापेक्षा कमीच तापेल. तेवढं निभतं. खरा घात होतो परीक्षेआधीच्या सरावात. घोड्याचे स्नायू मोकळे करायला स्वार अर्धा-पाऊण तास रिंगणाबाहेर फिरवतो. चाळीस मिनिटांची उष्णता होते हजाराहून जास्त किलोज्यूल. ती कोटात कोंडली तर रिंगणात शिरण्याआधीच माणूस शिजलेला असतो. म्हणून सराव पातळ शर्टात, हातमोज्यांविना होतो. आत जायच्या काही मिनिटं आधी सहायक कोट चढवतो. बाहेर आल्या आल्या तो पुन्हा उतरतो.

दुसरी गोष्ट कापडाची. बाहेरून जुन्या थाटाचा दिसणारा कोट आता बऱ्याचदा लोकरीचा नसतो. पातळ, ताणला जाणारा, जाळीदार कृत्रिम धागा असतो आणि अस्तर जवळपास नसतंच. आत घाम शोषून पसरवणारा पातळ शर्ट. सुती बनियन मोकळ्या अंगावर छान, पण घट्ट कोटाखाली ते घामाने चिंब होऊन तसंच चिकटून राहतं.

तिसरी गोष्ट नियमाची. उष्णता फार असेल तर स्पर्धेचं पंचमंडळ कोटाशिवाय, नुसत्या बाह्यांच्या शर्टात खेळायची परवानगी देऊ शकतं. ती एकदा जाहीर झाली की कोट न घातल्याचा गुण कापला जात नाही, कुणी नावंही ठेवत नाही. हेल्मेट मात्र उतरत नाही. पूर्वी या खेळात उंच काळी हॅट मिरवत. १ जानेवारी २०२१ पासून एफईआयच्या स्पर्धांत डोकं वाचवणारं हेल्मेट सक्तीचं झालं. परंपरा कुठे सोडायची आणि कुठे नाही, हे त्यांनी नीट ठरवलेलं दिसतं.

बाजारात थंडावा देणारी जाकिटंही मिळतात. त्यांच्याबाबत एक सावधगिरी. पाण्यात भिजवून घालायचं जाकीट कोटाखाली निरुपयोगी, कारण त्यालाही वाळायला वारा लागतो. कोटाखाली चालतं ते बर्फासारखं वितळून गारवा देणारं जाकीट, आणि तेही वितळेपर्यंतच. त्यापेक्षा जुना, फुकटचा उपाय चांगला : हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून ठेवणं. तळहातांतून रक्त भराभर थंड होतं. आगीशी झुंजणाऱ्या जवानांसाठी ही युक्ती अनेक देशांत वापरली जाते.

आणि वेळ. टोकियो ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीच्या बहुतेक फेऱ्या संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात झाल्या. भारतातल्या मोठ्या स्पर्धा मुळातच बहुतांश हिवाळ्यात भरतात. आपल्या शेजारची घोड्यांची जत्राही तशीच. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि तिथला घोडेबाजार मार्गशीर्षात, सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला. घोड्याचं कौतुक करायचा मोसम कोणता, हे आपल्या वाडवडिलांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. लग्नसराईला ते कॅलेंडर लागू होत नाही, एवढंच.

नवरदेव तर नुसता बसलेला असतो. त्याला काय होणार?

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो घोडा चालवत नाही, लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो, हे खरं. शांत बसलेल्या माणसाची उष्णता १२० वॅटच्या आसपास. पण ड्रेसाजचा स्वार कोटात सहा मिनिटं असतो आणि नवरदेव दोन तास. दोन तासांचे होतात ८६० किलोज्यूल. हे सगळं आत कोंडलं तर अंग साडेतीन अंशांनी तापेल. प्रत्यक्षात सगळं कोंडत नाही, थोडं निसटतं. पण या हिशेबात डोक्यावरचं ऊन आणि खालचा डांबरी रस्ता अजून धरलेलेच नाहीत.

गंमत अशी, की नुसती ती ८६० किलोज्यूल उष्णता बाहेर काढायला जेमतेम ३५० मिलिलिटर घाम वाळला तरी पुरतो. दीड-दोन पेले. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे काम अंग सहज करू शकतं. आपण त्याला करू देत नाही.

त्यात आपले रिवाज भर घालतात. बऱ्याच घरांत नवरदेव लग्न लागेपर्यंत उपाशी असतो. पाणीही तो जपून पितो, कारण चुडीदार आणि शेरवानी घालून लघवीला जाणं ही कसरत. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं हे त्याला कळतही नाही. अंग तापायच्या आधीच आतली टाकी रिकामी होत आलेली असते.

उपाय खर्चिक नाहीत. शेरवानी शिवायला टाकताना टेलरला अर्धं अस्तर लावायला सांगा : खांदे आणि छातीपुरतं. पाठीत नको. भाड्याची घेणार असाल तर आतून हात फिरवून बघा, अस्तर सॅटिनचं आणि पूर्ण असेल तर दुसरी मागा. गळा आणि बगल सैल हवी. रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात बदाऊनी अरबांच्या काळ्या झग्यांवरचा एक अभ्यास छापून आला होता. वाळवंटात काळे कपडे का, हा त्याचा प्रश्न. उत्तर असं मिळालं, की काळा झगा तापतो खरा, पण सैल असल्याने आतली गरम हवा वर निघून जाते आणि त्वचेपर्यंत जादा उष्णता पोहोचत नाही. आपलं धोतर आणि सैल सदरा हेच काम करतात. आजोबांचे लग्नातले फोटो बघा, उन्हाळ्याच्या दृष्टीने ते नातवापेक्षा शहाण्या पोशाखात दिसतील.

फेट्याचंही तसंच. आतून पुठ्ठा आणि फोम लावलेला तयार फेटा डोक्यावर झाकणासारखा बसतो. सुती कापडाचा बांधलेला फेटा, आत एक ओला रुमाल, हे कितीतरी बरं. आणि कोट ड्रेसाजच्या रीतीने घाला. परण्या सैल सुती कुर्त्यात काढा, शेरवानी मांडवात चढवा. सावलीत आलं की काळ्या गोळ्याचा हिशेब जातो आणि वर काढलेला ३१ चा आकडा २८ वर येतो. फोटोग्राफर कुरकुर करेल. त्याला घोड्यावरचा फोटो हवा असेल तर शेरवानी घालून, दोन मिनिटं बसून काढता येतो.

प्यायला मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा ओआरएस, दर थोड्या वेळाने. उपास असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनीच पाण्याची मोकळीक द्यावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तव्यासारखं लागलं तर तो लाजत नाहीये, त्याला उष्माघात होतोय. अंगाला घाम असला तरी उष्माघात असू शकतो. घोड्यावरून उतरवा, सावलीत न्या, कोट काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. घालायला त्रास पडलेली शेरवानी काढायलाही वेळ लागतो. कात्री चालवायची वेळ आली तर चालवा. अनामत रक्कम नंतर बघता येईल.

आणि घोड्याचं काय?

घोड्याला हा सोहळा कळत नाही आणि तो 'मला चक्कर येतेय' असंही सांगू शकत नाही. शरीराच्या गणितात तो आपल्यापेक्षा अडचणीत आहे. माणसाच्या अंगाला शंभर किलोमागे सुमारे अडीच चौरस मीटर त्वचा असते. पाचशे किलोंच्या घोड्याला शंभर किलोमागे जेमतेम एक. म्हणजे इंजिन मोठं आणि रेडिएटर लहान. ही उणीव तो घामाने भरून काढतो. कष्ट आणि ऊन एकत्र आलं की तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो, आणि त्याचा घाम आपल्यापेक्षा खारट. खोगिराखाली पांढरा फेस दिसतो, तो घामातल्या एका प्रथिनामुळे. ते घाम केसांवर पसरवून वाळायला मदत करतं.

ड्रेसाजमध्ये घोड्याच्या पाठीवर खोगीर आणि त्याखालची घडी, एवढंच. बाकी अंग उघडं. आपल्याकडे मानेपासून शेपटीपर्यंत झूल, गोंडे, कपाळपट्टी, तुरे. माणसाला शेरवानी, तशी घोड्याला झूल. घाम वाळायची सगळी जागा तिने झाकलेली. परण्याचा पहिला बदल इथेच व्हावा असं मला वाटतं : झूल काढा, हवं तर गळ्यात फुलांची माळ घाला.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, आखडतो, पोटात कळ येते, असं अजूनही सांगितलं जातं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या निमित्ताने यावर बरंच संशोधन झालं. तिथली हवा उष्ण आणि दमट होती, घोडे वाचवायचे होते. निष्कर्ष साफ निघाला : भरपूर गार पाणी, अंगभर, पुन्हा पुन्हा. त्याने घोडा आखडत नाही, वाचतो. घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश, त्यामुळे आपल्या बोअरचं साधं पाणीही कामाला येतं. ओलं पोतं मात्र पाठीवर टाकून ठेवू नका. ते थोड्या वेळात तापतं आणि पुन्हा झूलच होते. मे महिन्यात पाण्याचा टँकर ज्या गावात येतो, तिथे घोड्यासाठी चार बादल्या मागणं जड वाटेल, हे मान्य. मांडवात हात धुवायला जेवढं सांडतं त्यात ते बसतं.

नाकपुड्या फाकलेल्या, उभ्या जागी धापा, मानेची चिमटीत धरलेली कातडी लवकर परत न बसणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चालू असलेला घाम अचानक थांबणं, ही धोक्याची लक्षणं. त्या घोड्यावर कुणी बसू नये. घोडेवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण तो ठरलेल्या वेळी आलेला असतो. उशीर आपल्या नाचाने झालेला असतो, आणि त्याला पुढच्या गावचा परण्या गाठायचा असतो.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओढकाम करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. त्यात एक ओळ नेमकी आपल्यासाठी लिहिल्यासारखी आहे : जिथे तापमान ३७ अंशांच्या वर असेल, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात अशा जनावराकडून काम करून घ्यायचं नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त आणि दिवसात नऊ तासांपेक्षा जास्तही नाही. याच नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो दिली आहे.

बग्गी ओढणारे घोडे या नियमांत सरळ येतात. पाठीवरच्या नवरदेवाला 'ओझं' म्हणायचं का, यावर वकील वाद घालू शकतील. पण १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त आणि ४२ अंशांचा पारा यांची बेरीज नियमाच्या हेतूविरुद्ध जाते, यात वाद घालायला जागा नाही. पत्रिका छापायच्या आधी गोरज मुहूर्ताचा विचार करा. सकाळचाच हवा असेल तर परण्या साडेआठ-नऊला आटोपेल असं बघा.

राहिला प्रश्न पंचाचा. ड्रेसाजमध्ये 'आज कोट नको' हे पंचमंडळ सांगतं, म्हणून स्वाराला कमीपणा येत नाही. नवरदेव स्वतः बोलला तर मित्र चेष्टा करतील, म्हणून तो बोलत नाही. हे काम घरातल्या एका मोठ्या माणसाने आदल्या रात्रीच अंगावर घ्यावं. मामा असेल तर उत्तम, त्याचा शब्द त्या दिवशी चालतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नोंदवलेलं कमाल तापमान उन्हाळ्यात रोज बातम्यांत येतं. तो आकडा बघायचा, परण्याला किती मिनिटं द्यायची ते ठरवायचं आणि घड्याळ लावायचं. वेळ संपली की डीजे बंद, नवरदेव खाली, घोडा सावलीत.

जूनच्या तारखांसाठी एक वेगळी सूचना. मृगाची एखादी सर पडून गेली, पारा ३५ वर आला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि ताक-पाण्याची धावपळ थांबते. पण तेव्हा आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली असेल, तर ओल्या फडक्याचा आकडा मे महिन्यातल्या २२ वरून साडेअठ्ठावीसवर पोहोचतो. म्हणजे वर काढलेला मुंबईचाच आकडा. ऊन पडलेलं असेल तर त्या दिवशी परण्या मे महिन्यापेक्षाही आखूड ठेवा, आणि घोड्यासाठी पाण्याच्या बादल्या तशाच भरून ठेवा.